बंद पडलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क : घरी काय करावे, कुठे थांबावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एक्स्टर्नल हार्ड डिस्क घरच्या घरी दुरुस्त होते का, या प्रश्नावर समाजमाध्यमांत सध्या दोन टोकांची उत्तरे फिरत आहेत. एकीकडे जेवणाच्या टेबलावर डिस्कचे झाकण उघडून बोटाने हेड सरकवून दाखवणाऱ्या चित्रफिती, तर दुसरीकडे ‘कशालाही हात लावू नका, सरळ लॅबमध्ये द्या’ असा सरसकट सल्ला. पहिल्यामुळे लोकांचे फोटो, हिशेब, प्रबंध कायमचे जातात. दुसऱ्यामुळे साध्या केबलचा दोष असतानाही लोक हजारोंच्या बिलाला घाबरतात आणि डिस्क वर्षानुवर्षे कपाटात पडून राहते. संगणक दुरुस्ती आणि डेटा रिकव्हरी हेच आमचे काम असल्यामुळे याविषयी जरा सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण या विषयात सर्वाधिक नुकसान अर्धवट माहितीने होते. शक्य तर काटछाट न करता छापावे ही विनंती.

‘डिस्क दुरुस्त करणे’ आणि ‘डिस्कमधला डेटा बाहेर काढणे’ ही दोन वेगळी कामे आहेत. केबल, अडॅप्टर, केसिंग असा बाहेरचा दोष असेल तर डिस्क शाबूत असते आणि दुरुस्ती खरोखर होते. आतला भाग बिघडला असेल तर ती डिस्क पुन्हा भरवशाची होत नाही, कोणीही केली तरी. तिच्याकडून एकच काम करून घ्यायचे, डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवणे. मग ती बाजूला ठेवायची.

एक्स्टर्नल डिस्क म्हणजे प्लास्टिकच्या केसिंगमध्ये बसवलेली नेहमीचीच हार्ड डिस्क. खिशात मावणाऱ्या डिस्कमध्ये लॅपटॉपची अडीच इंची डिस्क असते आणि ती यूएसबीच्या ५ व्होल्टवरच चालते. टेबलावर ठेवायच्या मोठ्या डिस्कमध्ये साडेतीन इंची डिस्क असते, तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. डिस्क आणि यूएसबी यांच्यामध्ये एक छोटा बोर्ड असतो, त्याला ब्रिज बोर्ड म्हणतात. डिस्कच्या पोटाखाली तिचा स्वतःचा हिरवा किंवा निळा बोर्ड असतो. त्याच्या वर धातूचा सीलबंद डबा, आणि डब्यात फिरणाऱ्या चकत्या व त्यांवरून सरकत डेटा वाचणारे-लिहिणारे हेड. या सीलबंद डब्याच्या बाहेर जे आहे त्याला घरी हात लावता येतो. आत जे आहे त्याला नाही.

दोष कुठे आहे हे पुष्कळदा कानांनीच कळते. डिस्क जोडून हातात न धरता टेबलावर सपाट ठेवा आणि पहिले दहा सेकंद ऐका. काहीच आवाज नाही, दिवाही लागत नाही, असे असेल तर संशय केबल, अडॅप्टर किंवा बोर्डावर घ्यावा. डिस्क नेहमीसारखी फिरते पण संगणकावर दिसत नाही, तर ब्रिज बोर्ड, फाइल सिस्टिम (कोणती फाइल कुठे आहे याची नोंदवही) किंवा डिस्कच्या फर्मवेअरचा (डिस्क चालवणाऱ्या तिच्यातल्याच आज्ञावलीचा) दोष. ठराविक अंतराने टक्, टक्, टक् असा आवाज येऊन डिस्क थांबते, तेव्हा बहुधा हेड गेलेले असतात. बारीक ‘बीप’ किंवा गुणगुण येते आणि चकत्या फिरतच नाहीत, तर मोटर जोर लावते आहे पण हेड चकतीला चिकटले आहेत, किंवा बेअरिंग जाम आहे. खरवडल्यासारखा आवाज आला तर विचार करत बसू नका, केबल लगेच काढा. त्या क्षणी हेड चकतीवरचा चुंबकीय थर खरवडत असतो आणि प्रत्येक सेकंदाला डेटाची धूळ होत असते.

एक अपवाद ध्यानात ठेवा. वीज कमी पडली तरीही अडीच इंची डिस्क टक्-टक् करते किंवा गुणगुणते. यूएसबी २ च्या पोर्टमधून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. डिस्क फिरायला सुरुवात करताना मात्र क्षणभर १ अँपिअरच्या आसपास वीज मागते. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टपर्यंत आतून लांब वायर गेलेली असते, स्वस्त हबमध्ये चार उपकरणे एकाच पोर्टावर जगत असतात, आणि लांब एक्स्टेन्शनमध्ये व्होल्टेज पडते. म्हणून टक्-टक् ऐकू आली तर एकदा, फक्त एकदा, आखूड आणि चांगली केबल घेऊन डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टाला थेट जोडून पाहा. आवाज तसाच राहिला तर पुन्हा प्रयत्न नको.

केबल बदलून पाहणे हा उपाय इतका साधा आहे की लोक तो मनापासून करतच नाहीत. जुन्या पोर्टेबल डिस्कचे रुंद, दोन भागांचे कनेक्टर (मायक्रो-बी सुपरस्पीड) सैल होण्यासाठीच प्रसिद्ध आहे. त्याचा रुंद भाग हुबेहूब जुन्या फोनच्या मायक्रो यूएसबीसारखा असतो आणि जुन्या फोनची केबल त्यात बसते. डिस्क तेव्हा यूएसबी २ च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला तीस-चाळीस एमबीने चालते, पण चालते. यूएसबी ३ च्या पिना तुटल्या किंवा काळ्या पडल्या असतील तर एवढ्यानेच सगळा डेटा बाहेर येतो. केबल डेटा नेणारी हवी, काही फोनच्या केबल केवळ चार्जिंगच्या असतात. कनेक्टर बोर्डावरून हलत असेल तर भिंगातून त्याचे डाग (सोल्डरचे सांधे) पाहा. उखडलेला कनेक्टर मोबाइल दुरुस्त करणारा चांगला कारागीर हॉट एअरने पुन्हा बसवून देतो. स्वतः करायचे असेल तर हात बसलेला हवा, कारण खालचे तांब्याचे पॅड उपटले गेले तर काम दसपट वाढते.

साडेतीन इंची डिस्कच्या बाबतीत एक प्रकार फार वेळा घडतो. घरात एकसारख्या पिनांचे अनेक अडॅप्टर असतात आणि १२ व्होल्टच्या डिस्कला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला जातो. पिन नीट बसते, डिस्क मात्र त्या क्षणी मरते. अशा डिस्कमधला डेटा बहुतेक वेळा सुखरूप असतो. डिस्कच्या बोर्डावर वीज येते त्या टोकाशी टीव्हीएस डायोड असतात, सहसा एक ५ व्होल्टच्या आणि एक १२ व्होल्टच्या मार्गावर. जास्त व्होल्टेज आले की हे डायोड शॉर्ट होऊन स्वतः मरतात आणि पुढचा बोर्ड वाचवतात. मग योग्य अडॅप्टर लावला तरी डिस्क फिरत नाही, कारण शॉर्टमुळे अडॅप्टरच आपला पुरवठा तोडतो.

मल्टिमीटर असलेल्या माणसाला हे घरी तपासता येते. डिस्क केसिंगमधून काढा, सगळी वीज तोडा, मीटर कण्टिन्युइटीवर ठेवा आणि डायोडच्या दोन्ही टोकांना लीड लावा. मग लीड उलट करून पुन्हा बघा. दोन्ही वेळा मीटर वाजला आणि आकडा शून्याच्या जवळ असला तर डायोड शॉर्ट आहे. तो डाग सोडवून किंवा नेमक्या कटरने छाटून काढला की बोर्ड पुन्हा चालण्याची चांगली शक्यता असते. काढल्यावरही त्या मार्गावर शॉर्ट दिसत असेल तर मोटर चालवणारी चिप जळलेली असू शकते, तिथे थांबा. आणखी एक, डायोड काढलेल्या डिस्कला आता संरक्षण उरलेले नाही. १२ व्होल्टचा खात्रीचा अडॅप्टर लावून डेटा उतरवायचा, एवढ्यापुरतीच ती चालू ठेवायची. भविष्यासाठी घरातल्या प्रत्येक अडॅप्टरवर व्होल्टेज लिहिलेली चिकटपट्टी लावा.

ब्रिज बोर्ड गेला असेल तर उपाय सरळ वाटतो: केसिंग उघडा, डिस्क काढा, नव्या केसिंगमध्ये घाला. केसिंगला बहुतेक वेळा स्क्रू नसतात, खाचा असतात. जुने एटीएम कार्ड फटीत सरकवून हळूहळू कडा सोडवाव्यात. स्क्रूड्रायव्हर घालून पिळू नये, तो घसरला की थेट बोर्डावर जातो. आत साटा कनेक्टरची (संगणकाच्या आतल्या डिस्कच्या नेहमीच्या जोडणीची) डिस्क निघाली तर नवे केसिंग किंवा साटा ते यूएसबी जोडणी पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा जिल्ह्याच्या गावातल्या कोणत्याही संगणकाच्या दुकानात मिळते. साडेतीन इंचीसाठी १२ व्होल्टच्या अडॅप्टरसकट घ्यावी.

पण इथे तीन अडचणी आहेत आणि चित्रफितींत त्यांचा उल्लेख क्वचितच असतो. पहिली, वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये वेगळा ब्रिज बोर्ड नसतोच. यूएसबीचे कनेक्टर डिस्कच्या स्वतःच्या बोर्डावर डाग दिलेले असते. तिथे साटाचे तोंड शोधण्यात अर्थ नाही.

दुसरी अधिक गंभीर. वेस्टर्न डिजिटलच्याच माय पासपोर्ट आणि माय बुक या मालिकांतल्या अनेक मॉडेलांत लिहिली जाणारी प्रत्येक गोष्ट बोर्डावरच्या चिपमधून एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) होऊन जाते, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरीही. अशी डिस्क काढून थेट साटाला जोडली की ती कोरी किंवा बिनफॉर्मॅटची दिसते. लोक घाबरून फॉर्मॅट करतात, आणि शाबूत डेटा तिथे खरा संपतो. या डिस्कचा मूळ बोर्ड कितीही जळका दिसला तरी फेकू नये. त्यावरची चिप डेटा उलगडायला लागते.

तिसरी अडचण मोठ्या क्षमतेच्या काही साडेतीन इंची डिस्कची. २ टीबीच्या पुढे जुन्या विंडोजलाही डिस्क वापरता यावी म्हणून त्यांचे ब्रिज बोर्ड ५१२ बाइटचे सेक्टर (डेटा साठवण्याचे छोटे कप्पे) ४०९६ बाइटचे आहेत असे संगणकाला भासवत. थेट साटावर जोडल्यावर हिशेब बदलतो, पार्टिशन (डिस्कचा आखलेला विभाग) चुकीच्या जागी दिसते आणि डिस्क ‘रॉ’ (ओळखता न येणारी) असल्याचे विंडोज सांगते. डेटा हललेला नसतो. तसाच ब्रिज बोर्ड, म्हणजे त्याच मॉडेलचे जुने केसिंग, मिळवून लावले की सगळे परत दिसते.

डिस्कच्या बोर्डाविषयी. हा बोर्ड पाच-सहा छोट्या टॉर्क्स स्क्रूंनी (तारेच्या आकाराची टी-५, टी-६ किंवा टी-८ टोके) बसवलेला असतो. तो काढल्यावर त्याच्या आतल्या बाजूला मोटरचे आणि हेडचे चमकते संपर्कबिंदू दिसतात. कोकण, मुंबई, गोवा अशा दमट खारट हवेत हे बिंदू काळे पडतात, विशेषतः पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या डिस्कमध्ये. मऊ खोडरबराने ते हळुवार घासा, चुरा झटका, ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाच्या टोकाला लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. दिसत-न दिसत असलेली डिस्क एवढ्यानेही स्थिर होते. घरी करण्याजोग्या सगळ्या कामांत आम्हाला हे सर्वांत मोलाचे वाटते, कारण यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. स्क्रू आवळताना जोर नको, आणि ओळख असलेला तेवढाच बोर्ड काढायचा. डब्याच्या झाकणाचे स्क्रू वेगळे, त्यांना हात लावायचा नाही.

‘सेम मॉडेलचा बोर्ड ऑनलाइन मागवा आणि बदला’ हा सल्ला वीसेक वर्षांपूर्वीच्या डिस्कना बऱ्यापैकी लागू होता. आता प्रत्येक डिस्कच्या बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडांचे मोजमाप लिहिलेले असते. बोर्डाचा क्रमांक अक्षर न अक्षर जुळला तरी जुन्या बोर्डावरची रॉम नव्यावर हलवावी लागते. काही बोर्डांत ही माहिती मुख्य चिपमध्येच असते, तिथे डाग देणाऱ्याचेही काम संपते. रॉम न हलवता परका बोर्ड लावला तर डिस्क बहुधा टक्-टक् करते, आणि लोक समजतात की हेडही गेले.

आता डिस्क फिरते, दिसते, पण उघडत नाही, ही स्थिती. इथे सर्वांत मोठा शत्रू स्वतः विंडोजचे प्रश्न आहेत. ‘फॉर्मॅट करायचे का?’ नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये (जोडलेल्या डिस्क दाखवणाऱ्या विंडोजच्या साधनात) ‘इनिशिअलाइझ करायचे का?’ नाही. ‘स्कॅन अँड फिक्स?’ आत्ता नाही. तीनही ठिकाणी कॅन्सल. आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये नुसते पाहा. पार्टिशन निरोगी दिसते पण ड्राइव्हचे अक्षर नाही, तर राइट क्लिक करून अक्षर दिले की काम होते. डिस्क मॅकवर किंवा टीव्हीच्या रेकॉर्डिंगसाठी वापरलेली असेल तर विंडोज तिला ओळखत नाही आणि फॉर्मॅट सुचवते. ती डिस्क ठणठणीत असते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लावायचे कुलूप) लावलेली असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की शोधा, बहुधा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. क्षमता शून्य किंवा ‘नो मीडिया’ दिसत असेल तर ब्रिज बोर्ड बोलतो आहे पण त्यामागची डिस्क उत्तर देत नाही. तिथे कोणतेही सॉफ्टवेअर चालवून उपयोग नाही.

डिस्क योग्य क्षमतेने दिसत असेल तर तिची प्रकृती पाहा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन पुरेसे आहे. त्यातल्या तीन ओळी महत्त्वाच्या: ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी-५ म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर, सी-६ म्हणजे दुरुस्त न होणारे. त्यांचे ‘रॉ’ (मूळ, कच्चे) आकडे हे साधन मुळात षोडशमान पद्धतीत दाखवते, म्हणजे तिथला १० आपला १६ असतो. मेन्यूतून ते दशमानावर आणता येतात. सी-५ शून्य नसेल तर डिस्क खराब होऊ लागली आहे असे समजून पुढचे करावे. सी-७ वाढलेला असेल तर दोष बहुधा जोडणीचा आहे, चकतीचा नाही.

खराब सेक्टर असलेल्या डिस्कवर ‘चेकडिस्क’ हे विंडोजचे तपासणी-दुरुस्तीचे साधन चालवणे ही आम्हाला सर्वाधिक दिसणारी चूक आहे. चेकडिस्कचे काम फाइल सिस्टिम सुसंगत करणे, तुमच्या फाइली वाचवणे नाही. तिला जे जुळत नाही ते ती कापून बाजूला टाकते, ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात निनावी तुकडे करून ठेवते, आणि मूळ डिस्कवर लिहिते. शिवाय आजारी हेडला तासन्तास संपूर्ण चकती वाचायला लावते. चेकडिस्क चालवायचीच तर डिस्कच्या प्रतीवर चालवावी, मूळ डिस्कवर कधीही नाही.

प्रत कशी करायची? डिस्क धिम्या गतीने का होईना उघडत असेल आणि खराब सेक्टर थोडे असतील, तर आधी अत्यावश्यक गोष्टी उतरवा: कागदपत्रे, हिशेब, घरचे फोटो. चित्रपट आणि डाउनलोड शेवटी. फोल्डर उघडताना थंबनेलऐवजी यादीचा नमुना निवडा, नाहीतर विंडोज प्रत्येक फोटो वाचत बसते. अँटिव्हायरसचे आपोआप स्कॅन थांबवा.

डिस्क अडकत असेल, कॉपी मध्येच गोठत असेल, तर फाइल-फाइल उतरवणे सोडा आणि संपूर्ण डिस्कची सेक्टरवार प्रत करा. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन लिनक्सवर चालते. ते वापरण्यासाठी लिनक्स बसवावे लागत नाही, उबुंटू पेनड्राइव्हवरून सुरू केले तरी पुरते. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग झटपट उतरवते, अडणारी जागा सोडून पुढे जाते आणि कुठे काय राहिले याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवते. वीज गेली, डिस्क निसटली, तरी पुन्हा सुरू केल्यावर ते तिथूनच पुढे जाते. पहिल्या फेरीत खराब जागा खरवडू नका असा पर्याय द्यावा (उणे चिन्हापुढे एन), आणि ती फेरी पूर्ण झाल्यावरच उरलेल्या जागांसाठी दोन-तीन पुनर्प्रयत्नांची दुसरी फेरी लावावी. मॅप फाइल तिसऱ्याच जागी, दुसऱ्या पेनड्राइव्हवर असावी. प्रत घ्यायची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. आणि सुरू करण्याआधी कोणती डिस्क स्रोत व कोणती लक्ष्य हे क्षमता आणि मॉडेल वाचून दोनदा खात्री करा. अदलाबदल झाली तर रिकाम्या डिस्कचा रिकामेपणा तुमच्या डेटावर लिहिला जाईल.

वेळेचा अंदाज असावा. सेकंदाला १०० एमबीने १ टीबी उतरायला पावणेतीन तास लागतात. तोच वेग सेकंदाला १ एमबीवर आला तर साडेअकरा दिवस. वेग पडत पडत तिथे पोहोचला, किंवा मध्येच टक्-टक् सुरू झाली, तर घरचे काम संपले असे समजावे. तोपर्यंतची प्रत आणि मॅप फाइल जपून ठेवावी.

प्रत मिळाल्यावर मग सगळी सॉफ्टवेअर त्या प्रतीवर चालवा. टेस्टडिस्क हरवलेले पार्टिशन शोधते, फोटोरेक फाइलींचे नमुने ओळखून त्या बाहेर काढते, मात्र नावे आणि फोल्डर त्यात जातात. दोन्ही मोफत आहेत. बाहेर निघालेल्या फाइली तिसऱ्या डिस्कवर साठवा. पुष्कळ लोक पैसे देऊन घेतलेले रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट आजारी डिस्कवर चालवतात आणि सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर साठवतात. त्या पुसल्या गेलेल्या फाइलींवरच बसतात.

चुकून पुसलेल्या किंवा फॉर्मॅट केलेल्या डेटाविषयी एक नवी गोष्ट. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉर्मॅट संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते, त्यानंतर काही उरत नाही. क्विक फॉर्मॅटनंतर पूर्वी बहुतेक सगळे मिळायचे. पण अलीकडच्या काही पोर्टेबल डिस्क शिंगल्ड पद्धतीच्या आहेत, म्हणजे त्यांत ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, आणि त्यांतल्या काही ‘ट्रिम’ आदेश (पुसलेली जागा मोकळी झाली असे डिस्कला कळवणारा) मानतात. पुसलेली जागा मग शून्ये म्हणूनच वाचली जाते. अशा डिस्कवरून काही पुसले गेले तर केबल ताबडतोब काढावी आणि पुन्हा जोडू नये.

आता सीलबंद डब्याच्या आत. आजच्या डिस्कचे हेड चकतीपासून काही नॅनोमीटर वर तरंगते. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, धुराचा कण काहीशे नॅनोमीटरचा. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या अडीच इंची डिस्कमध्ये चकतीची कड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते. त्या वेगात हेडाच्या वाटेत आलेला धुळीचा कण चकतीवर ओरखडा काढतो, ओरखड्यातून नवी भुकटी उडते आणि तीच पुढच्या फेरीला पुन्हा आडवी येते. म्हणून लॅबमध्ये हे काम क्लास १०० च्या स्वच्छ कक्षात होते. तिथे घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा मोठे कण शंभराहून कमी असतात, आपल्या घरातल्या हवेत ते लाखांच्या घरात असतात. न्हाणीघरात गरम पाणी सोडून धूळ बसवण्याची युक्ती सांगितली जाते. तिने धुळीबरोबर दमटपणाही वाढतो.

धुळीखेरीजही अडचणी आहेत. हेड बदलायला त्याच मॉडेलची, त्याच काळातली, जुळत्या फर्मवेअरची दाता डिस्क (जिचे हेड काढून वापरायचे ती) लागते, हेड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून विशेष कंगवा लागतो. काही डिस्कमध्ये लेबलाखालचा एक स्क्रू हेडांच्या खुंटीचे वरचे टोक धरून असतो. तो काढला की हेडांची रेषाच हलते. बहुतेक अडीच इंची डिस्कच्या चकत्या काचेच्या असतात, त्या वाकत नाहीत, फुटतात. साडेतीन इंचीमधल्या मोठ्या क्षमतेच्या अनेक डिस्क हेलियमने भरलेल्या असतात. त्यांचे झाकण उघडले की तो वायू गेला.

बंद डिस्क फ्रीजरमध्ये गार करण्याचा उपाय वृत्तपत्रांच्या पानांवरही अधूनमधून छापला जातो, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहितो: करू नये. जुन्या काळच्या जाड बांधणीच्या काही डिस्कमध्ये गारव्याने आकुंचन होऊन अडकलेला भाग क्षणभर सुटत असे, तिथून ही समजूत आली. हेलियमच्या सोडल्यास डिस्कना हवेचा दाब सांभाळण्यासाठी गाळणी लावलेले छिद्र असते. उणे अठरा अंशांवरून डिस्क आपल्या जुलैच्या हवेत काढली की आत-बाहेर दव धरते, आणि चकतीवर दव असताना ती सुरू केली की हेड पाण्यातून ओढले जाते. निर्मात्यांच्या माहितीपत्रकांत चालवण्याचे किमान तापमान ० किंवा ५ अंश दिलेले असते ते उगीच नाही. डिस्कवर टिचक्या मारणे, टेबलावर आपटणे हेही त्याच पठडीतले. चिकटलेले हेड सुटण्याऐवजी तुटते आणि चकतीवर पडून राहते.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या डिस्कविषयी वेगळे लिहायला हवे, कारण २००५ ची मुंबई, २०१९ ची कोल्हापूर-सांगली आणि २०२१ चे चिपळूण-महाड आपण पाहिले आहे. बुडालेली डिस्क उन्हात वाळवू नका, ड्रायरने गरम करू नका, तांदळात पुरू नका. पाणी हवेच्या दाबासाठीच्या त्या छिद्रातून आत गेलेले असू शकते, आणि सुकले की त्यातला गाळ व क्षार चकतीवर घट्ट बसतात. वरची माती स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, डिस्क ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घाला आणि लवकरात लवकर लॅबकडे पोहोचवा. वीज जोडून ‘चालते का’ पाहण्याचा मोह आवरा. पाणी एकट्याने क्वचितच डेटा मारते. ओल्या बोर्डाला दिलेली वीज हमखास मारते.

लॅबकडे जाताना काही गोष्टी आधी विचारा आणि लेखी घ्या. तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, डेटा मिळाला नाही तर काही आकारणार का, दाता डिस्कची किंमत कोणाकडे, डबा त्यांच्याच स्वच्छ कक्षात उघडणार की दुसरीकडे पाठवणार, आणि पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवून त्यातल्या काही उघडून देणार का. डिस्क वॉरंटीत असेल तर लक्षात ठेवा, वॉरंटीत दुसरी डिस्क मिळते, डेटा नाही. बदलून घ्यायला दिलेली डिस्क सहसा परत येत नाही. काही कंपन्या मात्र ठराविक मॉडेलांबरोबर डेटा रिकव्हरीची सेवा देतात, खोक्यावर किंवा निर्मात्याच्या संकेतस्थळावर डिस्कचा क्रमांक घालून आधी ते पाहा. पाठवताना डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, तिच्या सर्व बाजूंना किमान दोन इंच मऊ गादी येईल अशी, आणि वेगळा केलेला मूळ बोर्ड व केसिंग सोबत ठेवून बांधा. घरी काय काय करून पाहिले ते प्रामाणिकपणे चिठ्ठीवर लिहा. ती चिठ्ठी लॅबच्या तंत्रज्ञाचे कित्येक तास वाचवते.

शेवटची मागणी आमच्याच व्यवसायबंधूंकडे आहे. गल्लोगल्लीच्या दुकानांत ‘बघून ठेवतो’ म्हणत डिस्कचे झाकण उघडले जाते आणि ग्राहकाला ‘आत काही उरले नाही’ एवढेच सांगितले जाते. पुढच्या लॅबला ते झाकण पूर्वी उघडलेले दिसते, पण तोवर उशीर झालेला असतो. डिस्क घेताना पावतीवर तिचा क्रमांक, झाकणाचे सील शाबूत आहे की नाही आणि ग्राहकाच्या लेखी संमतीवाचून डबा उघडणार नाही, या तीन ओळी प्रत्येक दुकानदाराने लिहाव्यात. आणि पावतीवर त्या नसतील तर ग्राहकाने डिस्क ठेवून जाऊ नये.

आपले,
संगणक दुरुस्ती व डेटा रिकव्हरी व्यवसायातील काही तंत्रज्ञ, पुणे